गाणे लिहिणाऱ्या बाईचे नाव

वरळी कोळीवाड्यात हळदीचा कार्यक्रम असला आणि 'मी डोलकर' वाजले नाही, असे सहसा होत नाही. बँडवाल्यांना ते पाठ असते. नाचणाऱ्या बायांना कुठल्या ओळीला कसे डोलायचे ते सांगावे लागत नाही. हे गाणे कुणाचे, असे विचारले तर उत्तर मिळते, "कुणाचे म्हणजे? आमचेच. कोळ्यांचे." एखादी कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर ती म्हणते, "लताबाईंचे." ते शांता शेळके यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकरांनी त्याला चाल दिली आणि हेमंतकुमार व लता मंगेशकर यांनी ते गायले, असे सांगितले की बाया नवलाने बघतात. लिहिणारी बाई कोळीण नव्हती, इंदापूरला जन्मलेली आणि कॉलेजात मराठी शिकवणारी होती, हे तर त्यांना पटतच नाही.

गाणे लिहिणाऱ्याला याहून मोठा मान मिळत नाही, असे कुणी म्हणेल. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनीच ते आपले म्हणून उचलले, आणखी काय पाहिजे? म्हणणे खोटे नाही. पण स्त्री-संघटनांत काम करणाऱ्या आपण या विसरण्याकडे थोड्या संशयाने पाहायला हवे. बाईचे काम टिकते आणि नाव गळून पडते, हे आपण शेतात पाहिले, घरात पाहिले, विणकामात-भरतकामात पाहिले. गाण्यातही तेच होते. आणि मला सांगायचे आहे ते पुढचे : आपल्या चळवळीतही तेच होते.

शांताबाईंची गीतकार म्हणून झालेली वाटचाल आपण नीट पाहिलेली नाही. स्त्रीवादी अंगाने मराठी कवितेची चर्चा झाली तेव्हा हिरा बनसोडे, मल्लिका अमर शेख, रजनी परुळेकर, प्रभा गणोरकर ही नावे आली. ती यायलाच हवी होती. शांताबाई मात्र आपल्याला 'रेडिओवरच्या', 'सिनेमातल्या' वाटत राहिल्या. भावगीत म्हणजे चंद्र, चांदणे आणि वाट पाहणारी बाई, असा आपला समज. वाट पाहणाऱ्या बाया त्यांच्या गाण्यांत पुष्कळ आहेत, हे खरे. पण त्यांची सगळी गाणी शेजारी शेजारी ठेवली तर दिसते ते वेगळेच.

१२ ऑक्टोबर १९२२ चा त्यांचा जन्म. वडील लहानपणीच गेले. पुण्याची हुजूरपागा, मग स. प. महाविद्यालय, मग एम. ए. आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग' साप्ताहिकात पाच वर्षे नोकरी. नंतर प्राध्यापकी : नागपूरचे हिस्लॉप कॉलेज, माटुंग्याचे रुईया, परळचे महर्षी दयानंद. लग्न केले नाही. 'वर्षा' हा पहिला कवितासंग्रह १९४७ चा. १९५० साली 'राम राम पाव्हणं' या चित्रपटासाठी गाणी लिहिली आणि तिथून पुढे गाणे सुटले नाही. परळचे कॉलेज मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. ते गिरणगावातले कॉलेज. डिलाइल रोड, नायगाव, वरळीच्या चाळींतून घरातले पहिलेच शिकणारे मूल जिथे जायचे, अशांपैकी ते एक. म्हणजे ज्यांच्या घरी रेडिओवर या बाईंची गाणी लागत, त्यांच्या मुलांना त्या वर्गात मराठी शिकवत होत्या.

पश्चिमेकडे शहरी पॉप आणि गावाकडचे कंट्री संगीत हे दोन वेगळे बाजार आहेत आणि एकातून दुसऱ्यात जाणारा गीतकार कौतुकाचा विषय होतो. आपल्याकडे ती सीमारेषा भावगीत-सिनेमा आणि लोकगीत यांच्यामध्ये आहे. शांताबाई ती रेषा रोज ओलांडत होत्या. सुधीर फडक्यांसाठी 'तोच चंद्रमा नभात', 'हे बंध रेशमाचे' नाटकासाठी पदे, गणपतीपुढे नाचणाऱ्या मुलांसाठी 'गणराज रंगी नाचतो', समुद्रावरची 'वादळवारं सुटलं गं' आणि 'राजा सारंगा', आणि शाहीर साबळे यांचे चिरंजीव देवदत्त साबळे यांच्या चालीवरचे, जयवंत कुलकर्णींनी गायलेले 'ही चाल तुरुतुरु'. हे शेवटचे म्हणजे आजच्या मुली ज्याला सरळ पॉप म्हणतील ते. इतक्या बोलींत, इतक्या तोंडांनी बोलणारी गीतकार बाई मराठीत दुसरी नाही. वंदना विटणकर होत्या, संजीवनी मराठ्यांच्या कविता गायल्या गेल्या, पण एवढा पल्ला कुणाचा नाही. गदिमा आणि जगदीश खेबूडकर यांचा होता. त्यांच्याबद्दल बोलताना आपण 'प्रतिभा' हा शब्द वापरतो आणि शांताबाईंबद्दल बोलताना 'सहजता' हा. जणू पोळ्या लाटता लाटता झाले!

'ही चाल तुरुतुरु' बद्दल एक गोष्ट. किशोरी गटात छेडछाडीवर बोलत असताना हे गाणे हमखास निघते. रस्त्याने जाणाऱ्या मुलीची चाल आणि केसांची बट न्याहाळणारा तो तरुण. असे गाणे एका बाईने लिहावे? मला त्यात गैर वाटत नाही. गीतकाराला पात्राच्या तोंडचे लिहावे लागते, आणि पुरुषांनी शतकानुशतके आमच्या तोंडचे लिहिलेच आहे. एक मुलगी म्हणाली, "तो नुसता बघतो, मागे येत नाही ना." दुसरी म्हणाली, "सुरुवात तशीच होते." तासभर वाद चालला. अशी वादाची गाणी मला भाषणांपेक्षा उपयोगी वाटतात.

पण त्यांच्या ज्या गाण्यावर स्त्री-चळवळीने कधीच बोलायला हवे होते ते 'रेशमाच्या रेघांनी'. चित्रपट 'मराठा तितुका मेळवावा', साल १९६४, दिग्दर्शक भालजी पेंढारकर. गाणे लावणीच्या ढंगाचे. लावणी हा पुरुष शाहिराने रचायचा आणि बाईने नाचून दाखवायचा प्रकार. शब्द त्याचे, अंग तिचे, पैसा तिसऱ्याचा. होनाजी, राम जोशी, सगनभाऊ, सगळ्यांनी बाईच्या तोंडी आपल्या मनातले घातले. इथे शब्द एका बाईचे आहेत. आणि या बाईची नायिका काय करते? आपल्या हातच्या कशिद्याचा तोरा मिरवते आणि समोरच्या पुरुषाला अंगचटीला येऊ देत नाही. लाडिकपणा आहेच, लावणीत तो असणारच. पण नकार खणखणीत आहे, आणि तो अब्रूच्या नावाने दिलेला नाही. मी मेहनतीने केलेली वस्तू आहे, तिला हात लावायचा नाही, असा तो नकार आहे. स्वतःच्या कसबाच्या अभिमानातून आलेला नकार मला शीलाच्या व्याख्यानातून आलेल्या नकारापेक्षा जवळचा वाटतो.

गायल्या आशा भोसले. संगीतकाराचे नाव पडद्यावर 'आनंदघन'. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. म्हणजे १९६४ साली एका लावणीचे शब्द, चाल आणि गळा, तिन्ही बायांचे होते. असा योग मराठी सिनेमात विरळाच. आणि ऐकणाऱ्याला तो कळायची सोय नव्हती, कारण चाल बांधणारीने नाव झाकून घेतले होते. पुढे 'साधी माणसं' या चित्रपटाला राज्य पुरस्कार मिळाले तेव्हा हे आनंदघन कोण ते उघड झाले. देशातली सर्वांत नावाजलेली गायिका, आणि चाल बांधायची तर तिलाही आडोसा लागला. गाणे हे बाईचे काम मानले गेले होते, बांधणे हे नव्हे.

शांताबाईंनीही आडोसा घेतला होता. त्यांची काही चित्रपटगीते 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने आहेत. टोपणनाव घ्यायला कारणे असतात. कधी नोकरीचे असते, कधी पदाचे, कधी सिनेमात लिहितो हे विद्वानांना कळू नये म्हणूनही. ती कारणे पुरुषांनाही असतात. माझा रोख एवढ्यावरच आहे की आडोशाला म्हणून जो माणूस उभा केला तो पुरुष होता, आणि वर डॉक्टरही. सिनेमाच्या धंद्यात, स्टुडिओत, रेकॉर्डवर ज्याच्याकडे कुणी वळून पाहणार नाही असे नाव हवे होते. आणि वळून न पाहण्याजोगे नाव पुरुषाचेच होते.

१९९६ साली आळंदीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्याआधी त्या खुर्चीवर फक्त दोन बाया बसल्या होत्या, १९६१ साली कुसुमावती देशपांडे आणि १९७५ साली दुर्गा भागवत. २०२५ साली दिल्लीला तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या तेव्हा सगळ्या मिळून सहा झाल्या. ६ जून २००२ रोजी शांताबाई गेल्या. म्हणजे मान मिळाला, नाव मिळाले, हे कबूल. तरी कोळीवाड्यात 'मी डोलकर' पारंपरिकच आहे. संमेलनाध्यक्ष झालेल्या बाईची ही गत, तर वहीत गाणी लिहिणाऱ्या बाईची काय असेल?

नावाबरोबर पैसा येतो, म्हणून त्याचाही विचार करू. शांताबाई गाण्यावर जगल्या नाहीत, कॉलेजच्या पगारावर जगल्या. आपल्याकडे गीतकाराने गाणे द्यायचे, ठरलेली रक्कम घ्यायची आणि विषय संपवायचा अशीच रीत होती. १९५७ चा कॉपीराइट कायदा होता, १९६९ साली गीतकार-संगीतकारांची संस्थाही स्थापन झाली होती. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सिनेमासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या गाण्याचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. पस्तीस वर्षे तसेच चालले. २०१२ च्या दुरुस्तीने ते बदलले. आता गाणे सिनेमागृहाबाहेर जिथे जिथे वाजेल तिथल्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा समान वाटा असतो आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. तोवर शांताबाई जाऊन दहा वर्षे झाली होती. याच कायद्याचे ५७ वे कलम आपल्या कामाचे आहे : हक्क विकले तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो. नोंदणी केली नसली तरी राहतो. चाळीतल्या बाईकडेही राहतो.

हक्क न सोडल्याने काय होते याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. डॉली पार्टन ही टेनेसीच्या डोंगरातली, बारा भावंडांच्या गरीब घरात वाढलेली गायिका. कंट्री संगीतातली मोठी गीतकार. १९७४ साली तिचे एक निरोपाचे गाणे गाजले. एल्विस प्रेस्लीला ते गायचे होते. केवढे भाग्य! पण त्याच्या व्यवस्थापकाने अट घातली की गाण्याच्या प्रकाशनाचे अर्धे हक्क आम्हाला द्या. तिने नाही म्हटले. रात्रभर रडली, असे तिनेच नंतर सांगितले आहे. एल्विसने ते गाणे रेकॉर्ड केले नाही. १९९२ साली एका सिनेमासाठी व्हिटनी ह्यूस्टनने ते पॉपच्या ढंगात गायले, जगभर गेले, आणि पैसा लिहिणारीकडे आला. तिला कुणी 'लोकधन आहे हो, सगळ्यांचे आहे' असे सांगू शकले नाही. अर्थात गोष्ट इतकी सरळ नाही. तिच्याकडे स्वतःची प्रकाशन कंपनी होती, आपल्याकडे बचत गटाचे पासबुक असते.

आपल्या परंपरेत मात्र नाव राखण्याची याहून जुनी आणि फुकट युक्ती आहे. ती म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी तुका असतो, जनी असते, चोखा असतो. छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हते, निवेदक नव्हता. नाव गाण्याच्या पोटातच शिवून टाकले होते. ते काढायला गेले तर ओळ उसवते. जनाबाईचे नाव सातशे वर्षे टिकले ते दळणाच्या जात्यावर, तिचे नाव घेतल्याशिवाय कडवे पुरे होत नव्हते म्हणून.

ही युक्ती शाहिरांनी जपली आणि आंबेडकरी जलशांनी तर फारच निष्ठेने जपली. वामनदादा कर्डक शांताबाईंच्याच वर्षी, १९२२ साली, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले. मुंबईला आले, गिरणीत काम केले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, अक्षरओळखही मोठेपणी झाली. सुरुवात केली ती सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून. हजारो गाणी लिहिली. २००४ साली गेले. आज वरळीच्या चाळीत १४ एप्रिलला लाउडस्पीकरवर गाणे लागले आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' आला की लहान पोरेही ओरडून सांगतात कुणाचे गाणे ते. ना प्राध्यापकी, ना संमेलन. पण नाव पुसता आले नाही. भावगीताला आणि सिनेमाच्या गाण्याला ही सोय नाही. तिथे नायिकेच्या तोंडी गीतकाराचे नाव कसे येणार? म्हणून तिथे नाव रेकॉर्डच्या कागदावर अवलंबून, आणि कागद कधीच फाटतो.

ओवी म्हणणाऱ्या बायांचे काय? त्यांच्या ओव्यांना 'लोकसाहित्य' म्हणून पुस्तकांत घातले गेले आणि कुणाची ओवी हे विचारायचे राहून गेले. बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपली आणि अत्र्यांनी १९५२ साली ती लोकांपुढे आणली, म्हणून ती बहिणाबाईंची राहिली. हे बाड उजेडात आले नसते तर त्यातल्या कित्येक ओळी आज खानदेशी लोकगीते म्हणून अभ्यासाला असत्या. याच्या उलट काम हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी केले. १९८० च्या दशकापासून गावोगावी जाऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवले. तीन हजारांहून अधिक बाया, हजाराहून अधिक गावे. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात, बाईच्या नावासकट, पुष्कळदा फोटोसकट. नाव विचारणे एवढे अवघड नव्हते, असा त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे येऊ. स्त्री-संघटनांच्या गाण्यांच्या पुस्तिका काढून पाहा. शिबिरात वाटतो त्या, पातळ कागदाच्या, स्टेपल केलेल्या. काही गाण्यांखाली नाव असते. कमला भसीन यांच्या हिंदी गाण्यांखाली कधी असते, कधी नसते. नाटकातले गाणे असेल तर नाटकाबरोबर नाव टिकते. १९८३ च्या 'मुलगी झाली हो' ची लेखिका ज्योती म्हापसेकर हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाकीच्या गाण्यांखाली काय असते? 'सामूहिक'. 'वस्तीतील महिला'. 'अमुक गट'. मी अशा अनेक पुस्तिका पाहिल्या आणि एक गोष्ट ठळकपणे दिसली. शिकलेल्या, शहरी, लेखिका म्हणून माहीत असलेल्या बाईचे गाणे असेल तर तिचे नाव येते. धुणीभांडी करणाऱ्या बाईने चालीवर शब्द बसवले असतील तर ती 'गट' होते. व्यक्तिवाद नको, चळवळीचे गाणे चळवळीचे, हे तत्त्व मला मान्य आहे. पण ते तत्त्व कुणाच्या नावावर लागू होते आणि कुणाच्या नाही, हे एकदा पाहायला नको का? समूहाच्या झोळीत नाव टाकायची पाळी नेहमी त्याच बाईवर का यावी, जिचे नाव रेशनकार्ड सोडून कुठेच छापलेले नाही?

कुणी म्हणते, ही काही स्वतंत्र रचना नव्हे, सिनेमाची चाल उचलली आणि शब्द बदलले. वामनदादांनीही तिथूनच सुरुवात केली होती. चालीवर शब्द बसवणे ही कारागिरी आहे. मात्रा मोजता येत नसताना कानाने ती जमवणे ही तर मोठीच. शांताबाईंना व्याकरण, वृत्त, संस्कृत, सगळे येत होते. वरळीच्या चाळीतल्या बाईला यातले काही येत नाही, आणि तरी तिची ओळ चालीत कुठे अडत नाही. कुणी असेही म्हणते की नाव दिले की भांडणे होतात, 'दुसरी ओळ मी सुचवली' म्हणून. होतात. मग दोन नावे द्या. तीन द्या. जमाखर्चाच्या वहीत आपण पाच रुपयांचा हिशेब नावानिशी लिहितो.

वरळीच्या बीडीडी चाळींत किती बाया गाणी लिहितात हे बाहेरच्यांना माहीत नाही. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या १२१ चाळी, १६० चौरस फुटांची खोली, मजल्याच्या मधून जाणारा अंधारा पॅसेज. त्या पॅसेजमध्ये बारशाचे पाळणे रचले गेले, डोहाळजेवणाची गाणी, हळदीची, भीमजयंतीची, नळावरच्या भांडणाचीसुद्धा. बारशाचा पाळणा ही तर ठरवून लिहून घेतलेली रचना. बाळाचे नाव, आईबापाचे, आत्याचे नाव त्यात आले पाहिजे. रचणारीचे नाव तेवढे नसते. बदल्यात मिळतो ब्लाउजपीस आणि वाटीभर घुगऱ्या. मी याला 'मानधन' म्हटले तेव्हा बाया हसल्या. पण हसता हसता एकीने हिशेब केला की दहा वर्षांत आपण किती पाळणे रचले, आणि मग गप्प झाली.

आता चाळी उतरत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींमधल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरातच संडास आला, याचा आनंद बाईइतका कुणाला नसेल. मला चाळीबद्दल हळहळण्याची हौस नाही. पण सामान बांधताना माळ्यावरून काय काय निघते आणि काय काय रद्दीत जाते ते मी पाहते आहे. गाण्याच्या वह्या जातात. शाळेच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या वह्या, मागच्या बाजूने लिहिलेल्या, काहींवर मुलाचे नाव आणि इयत्ता, कारण वही त्याची होती. त्या वह्यांवर लिहिणारीचे नाव नाही म्हणूनच त्या रद्दीत जातात.

तेव्हा सगळ्या गटांना माझे म्हणणे असे. येत्या ८ मार्चची पुस्तिका काढाल तेव्हा प्रत्येक गाण्याखाली लिहिणारीचे नाव आणि वस्तीचे नाव छापा. जुन्या पुस्तिकांतली 'सामूहिक' गाणी कुणाची होती ते विचारून घ्या. बऱ्याच जणी अजून आहेत. चाल कुणाची तेही लिहा, आपल्याला न्याय मागायचा तर दुसऱ्यालाही द्यायला हवा. 'मी डोलकर' गाल तेव्हा आधी शांताबाईंचे नाव घ्या. आणि लिहिणाऱ्या मैत्रिणींना सांगा की कागदावर विसंबू नका, शेवटच्या कडव्यात नाव घाला.

आमच्या गटात हे बोलणे झाले तेव्हा घरकाम करणाऱ्या एका मैत्रिणीने दारूबंदीवरच्या आपल्या गाण्याला शेवटचे कडवे नव्याने जोडले. मग नाव कुठले घालायचे यावर चर्चा सुरू झाली. सासरचे आडनाव नको, नवऱ्यावरच तर गाणे आहे, असे एकीचे म्हणणे. माहेरचे घातले तर भाऊ म्हणतील आमची नाचक्की केली, असे दुसरीचे. तिसरीने सुचवले, आईचे नाव लाव. दोन बैठका यात गेल्या. तिने प्रत्येक नाव चालीवर म्हणून पाहिले आणि निकाल तिनेच दिला. आडनाव कुठलेही घेतले तरी ओळ लंगडते. नुसते माझे नाव बरोबर बसते.